किती जिप्सी सोडायच्या, हे वाघाच्या विष्ठेवरून ठरवा

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या जिप्सींनी ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, कारवाईही झाली. मात्र अशा कोंडीचा वाघांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा प्रश्न चर्चेत मागेच राहिला. त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. हैदराबादच्या अत्तापूर भागात सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची ‘लॅकोन्स’ ही संकटग्रस्त प्रजातींसाठीची प्रयोगशाळा आहे. तिथे डॉ. जी. उमापती यांचा गट वन्यप्राण्यांवरचा ताण त्यांना हातही न लावता, विष्ठेवरून मोजतो.

रक्त घ्यायचे तर वाघाला बेशुद्ध करावे लागते आणि त्या धांदलीनेच कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक काही मिनिटांत चढते. विष्ठेच्या बाबतीत ही अडचण येत नाही. कॉर्टिसॉलचे यकृतात विघटन होते, ते घटक पित्तावाटे आतड्यात उतरतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. त्यामुळे एका क्षणाचा दचका न दिसता आधीच्या बऱ्याच तासांचा एकत्रित भार समजतो. अट एवढीच की नमुना ताजा हवा आणि लगेच थंड ठेवायला हवा, नाहीतर जिवाणू तेच घटक बदलून टाकतात. नमुना बिबट्याचा नसून वाघाचाच आहे, याची खात्री डीएनएवरून होते. कान्हा आणि बांधवगडमधल्या अशा ३४१ नमुन्यांचा अभ्यास या गटाने २०१९मध्ये प्रसिद्ध केला. पर्यटनाच्या हंगामात ताणाची पातळी जास्त आढळली आणि गाड्या व पर्यटक वाढले तशी तीही वाढलेली दिसली.

यावर पहिला आक्षेप असा की पर्यटन बंद असते ते पावसाळ्यात; मग फरक गाड्यांचा की ऋतूचा? शंका रास्त आहे. म्हणूनच ‘चालू’ आणि ‘बंद’ हंगामांच्या तुलनेपेक्षा गाड्यांच्या संख्येशी दिसलेले नाते मला अधिक बोलके वाटते. दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे: आकडा कमी म्हणजे प्राणी सुखात, असे म्हणता येईल का? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना २०१९मध्ये पिकांत शिरणाऱ्या हत्तींमध्ये ताणाची पातळी जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी आढळली. सकस चारा हे त्याचे संभाव्य कारण. पण शेतात त्याच हत्तींच्या जिवाला धोका असतोच. तेव्हा सुटा आकडा निकाल देत नाही. आहार, ऋतू, गर्भारपण यांची नोंद ठेवून त्याच जंगलात वर्षानुवर्षे मोजणी केली, तरच त्याला अर्थ येतो.

नेमकी हीच मोजणी व्याघ्र प्रकल्पांच्या नेहमीच्या कामाचा भाग व्हायला हवी. वनरक्षक गस्तीवर रोज विष्ठा पाहतोच. ती गोळा करण्याची शिस्त आणि थंड साठवणुकीची सोय त्याला द्यावी. पर्यटन बंद करा, असा याचा अर्थ नाही. गाइड आणि जिप्सीचालकांची चूल त्यावर पेटते, हे विसरून केलेले संवर्धन टिकत नाही. पण आज गाड्यांची मर्यादा ठरते ती प्रामुख्याने रस्त्यांच्या लांबीवर आणि वहनक्षमतेच्या गणितावर. त्या गणितात वाघाच्या शरीराची साक्षही धरली पाहिजे. ज्या प्रवेशद्वाराच्या परिसरात पातळी हंगामामागून हंगाम चढती दिसेल, तिथल्या गाड्या कमी कराव्यात. इतरत्र हात लावू नये. साधन हैदराबादेत तयार आहे. त्याचे निष्कर्ष नियमांत उतरवणे हे आता वनखात्याचे काम आहे.