फाब्र : एका लोहारी आडनावाची हकिकत

शाळेचा हजेरीपट उघडला की पहिल्याच पानावर आडनावांची केवढी गर्दी दिसते! पाटील, कुलकर्णी, जोशी, सुतार, लोहार, जाधव, कुठे नाशिककर तर कुठे पंढरपूरकर. मास्तर रोज ही नावे वाचतात, मुले 'हजर' म्हणतात आणि पट मिटतो. पण या नावांत गावाचा जुना कारभार साठवलेला असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आज आपला पट थोडा वेळ बाजूला ठेवू आणि फ्रान्स देशातल्या एका आडनावाकडे पाहू. आडनाव आहे 'फाब्र'. ऐकायला परके वाटते खरे, पण अर्थ सांगितला की तुम्ही म्हणाल, अरे, हा तर आमच्या गावातलाच माणूस!

फाब्र म्हणजे लोहार. लॅटिन भाषेत 'फाबेर' असा शब्द होता. टणक वस्तूंवर हातोडा चालवणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. पुढे तो मुख्यतः लोहारालाच लागू झाला. लॅटिनपासून फ्रान्समधल्या बोली निघाल्या, आणि दर मुलखाने या शब्दाला आपापल्या जिभेप्रमाणे वळण दिले. दक्षिणेकडे फाब्र, फाव्र, फोर अशी रूपे झाली. उत्तरेकडे लफेव्र झाले. या लफेव्रमधला 'ल' म्हणजे 'तो'. म्हणजे लफेव्र याचा अर्थ 'तो लोहार'. गंमत अशी की, हे नाव लिहिताना पुष्कळ लोक मध्ये एक 'ब' घालतात, पण तो उच्चारत कोणीच नाही. जुन्या कारकुनांनी आपले लॅटिन दाखवण्यासाठी तो घातला, आणि तो तिथेच राहून गेला. फ्रेंच माणूस आज बोलताना लोहाराला 'फोर्जरों' म्हणतो. जुना शब्द बोलण्यातून गेला, आडनावात मात्र टिकला.

आता प्रश्न असा की, लोहाराच्या नावाची एवढी घराणी कशी झाली? गावात शेतकरी शंभर आणि लोहार एक. मग शेतकऱ्याचे आडनाव जास्त दिसायला नको का? नाही, बरं का! नावाचे काम ओळख पटवणे. ज्या गावात सगळेच शेती करतात, तिथे एखाद्याला 'शेतकरी' म्हणून काय उपयोग? पण 'तो लोहार' म्हटले की माणूस नेमका सापडतो. त्यातून फाळ शेवटायला, घोड्याला नाल ठोकायला, विळ्याला धार लावायला प्रत्येकाला त्याच्या भट्टीवर जावेच लागे. म्हणून हजार गावांतल्या हजार लोहारांच्या मुलांना तेच नाव पडले. ही घराणी एकमेकांची कोणी नव्हेत. हे मास्तरांनी मुलांना आवर्जून सांगावे. आडनाव एक म्हणजे रक्त एक, असा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक फरक आहे. आपल्याकडे आडनाव ऐकले की पुढचा प्रश्न जातीचा येतो. फ्रान्समध्ये लोहाराचा मुलगा सैन्यात गेला, नातू वकील झाला, तरी नाव लोहाराचेच राहिले आणि त्याला कोणी ऐरणीकडे परत बोलावले नाही. नाव राहिले, धंदा सुटला.

या नावाची मोठी माणसे पाहू लागलो तर यादी लांबेल. त्यातला एक धागा तर थेट गोव्यापर्यंत येतो. साव्हॉय प्रांतात १५०६ साली जन्मलेला पिएर फाव्र लहानपणी मेंढ्या राखत होता. पुढे तो पॅरिसला शिकायला गेला. तिथे ज्याच्याबरोबर तो एका खोलीत राहिला, तो विद्यार्थी म्हणजे फ्रान्सिस झेवियर. हेच झेवियर १५४२ साली गोव्यात आले आणि त्यांचा देह आज जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे. फाव्र मात्र युरोपातच हिंडत राहिला आणि १५४६ साली रोममध्ये वारला. त्याला संतपद मिळाले ते २०१३ साली. नेपोलियनचा एक सेनापती, मार्शल लफेव्र, याच नावाचा. संगीतकार गाब्रिएल फोरे याचे नावही याच गोतातले, आणि १८९५ साली फ्रान्सचा अध्यक्ष झालेला फेलिक्स फोर हाही. पण मला तुम्हाला विशेष सांगायचे आहे ते दोघांविषयी.

पहिला फाब्र देग्लांतीन. हा १७५० साली कार्कासोन गावी जन्मला. नाटके लिहिली, नाटकात कामे केली, गाणी रचली. तुलूझच्या काव्यस्पर्धेत आपल्याला सोन्याचे 'एग्लांतीन', म्हणजे रानगुलाबाचे फूल मिळाले, असे सांगून त्याने आपल्या लोहारी नावाला ते फूल जोडून घेतले. बक्षिसाची ही गोष्ट खरी नव्हती. माणूस असा होता! परंतु फ्रेंच राज्यक्रांतीत त्याच्या हातून एक काम झाले, ते शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे.

राजा गेला, तेव्हा क्रांतिकारकांनी जुने पंचांगही काढून टाकले. नवे वर्ष २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजायचे, तीस दिवसांचे बारा महिने, आणि वर उरलेले पाच किंवा सहा दिवस सणाचे. महिन्यांना नावे देण्याचे काम १७९३ साली या फाब्रकडे आले. त्याने देव, राजे सारे बाजूला ठेवले आणि शेताकडे पाहिले. द्राक्षतोडीचा महिना व्हांदेमियेर, धुक्याचा ब्रूमेर, बर्फाचा निव्होझ, पावसाचा प्लुव्हियोझ, कोंब फुटण्याचा जर्मिनाल, फुलांचा फ्लोरेआल, कापणीचा मेसिदोर, उष्म्याचा थर्मिदोर, फळांचा फ्रुक्तिदोर. आपले चैत्र-वैशाख नक्षत्रांवरून आले, यांचे महिने मातीवरून आले. एवढ्यावर तो थांबला नाही. प्रत्येक दिवसालाही संताऐवजी एखादे पीक, झाड किंवा वनस्पती दिली. पाचव्या दिवशी जनावर, दहाव्या दिवशी अवजार. ब्रूमेरची १० तारीख नांगराची, २० तारीख कुळवाची. मेसिदोरची १० तारीख विळ्याची. लोहाराच्या नावाच्या माणसाने लोहाराच्या हातच्या वस्तू पंचांगात बसवल्या!

कल्पना सुंदर होती, पण तिच्यात खोट होतीच. हे ऋतू फ्रान्सचे. दुसऱ्या मुलखात निव्होझ महिन्यात बर्फ कुठून आणायचे? आणि मजुरांची तक्रार निराळीच. पूर्वी सातव्या दिवशी सुट्टी मिळे, ती आता दहाव्या दिवसावर गेली. हे पंचांग १८०५ अखेरपर्यंत चालले आणि मग नेपोलियनने ते बंद केले. मला विचाराल तर, ते त्या दहाव्या दिवसानेच बुडवले.

खुद्द फाब्रला मात्र एवढाही काळ मिळाला नाही. हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या फ्रेंच कंपनीचा गाशा गुंडाळण्याचा हुकूम निघाला होता. त्या कागदात पैसे खाऊन फेरफार केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि ५ एप्रिल १७९४ रोजी दांतोंबरोबर त्याचे मस्तक उडवले गेले. त्याच्याच पंचांगाप्रमाणे ती जर्मिनालची १६ तारीख होती. त्याच वर्षी २३ ऑगस्टला फ्रान्समध्ये कायदा झाला की, जन्माच्या दाखल्यात जे नाव असेल त्याखेरीज दुसरे नाव कोणी लावू नये. तेव्हापासून आडनावे पक्की झाली. हा कायदा आजही 'दुसऱ्या वर्षाच्या ६ फ्रुक्तिदोरचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. आपल्या नावाला खोटे फूल जोडणाऱ्या माणसाने ठेवलेले महिन्याचे नाव त्या कायद्याला चिकटले आहे.

दुसरा फाब्र पहिल्याहून अगदी निराळा. ज्यां आंरी फाब्र हा शाळामास्तर होता. त्याचा जन्म १८२३ सालचा, दक्षिण फ्रान्समधल्या सें-लेओं या डोंगराळ खेड्यातला. घरची गरिबी. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो कार्पांत्रा गावी मास्तर झाला. पगार वर्षाला सातशे फ्रँक. तिथे तो मुलांना जमीन मोजायला शिकवण्यासाठी माळावर नेई. एके दिवशी पाहतो तो काय, खुंटी रोवायला धाडलेला मुलगा वाटेत वाकतो, दगड उचलतो आणि काडीने काहीतरी चोखत बसतो! दगडावर एक रानमाशी मातीची घरटी बांधते, त्यातला मध मुले चोखत होती. दुसरा मास्तर असता तर छडी काढली असती. फाब्रनेही काडी घेतली. पुढे त्या माश्यांची माहिती मिळावी म्हणून त्याने महिन्याचा पगार मोजून कीटकांवरचे एक पुस्तक विकत घेतले. तिथून त्याचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू झाला.

आव्हिन्योंला बदली झाल्यावर संसार वाढला, पगार पुरेना. त्या भागात तेव्हा मंजिष्ठेची शेती फार. आपल्या औषधी मंजिष्ठेचीच ती बहीण. तिच्या मुळांपासून लाल रंग निघे, आणि फ्रेंच शिपायांच्या लाल विजारी त्याच रंगात बुडत. शाळा सुटल्यावर फाब्र प्रयोगशाळेत बसून मुळांतला शुद्ध रंग वेगळा काढण्याची रीत शोधू लागला. वर्षानुवर्षे खपून ती साधली. आता चार पैसे हाती येतील, नोकरी सोडून किड्यांचाच अभ्यास करता येईल, असे त्याला वाटू लागले. एवढ्यात १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी तोच रंग कोळशाच्या डांबरापासून बनवला. थोड्याच वर्षांत मंजिष्ठेची शेती बसली. फाब्रची मेहनत गेली ती गेली, पण त्या रंगावर जगणारी शेतकरी कुटुंबे किती, त्यांचा विचार करून पाहा. नीळ पिकवणाऱ्या आपल्या लोकांवरही जर्मन कारखान्यांमुळे पुढे हीच पाळी आली.

दुसरे संकट शाळेतूनच आले. शिक्षणमंत्री द्युरुई यांच्या उत्तेजनाने प्रौढांसाठी आणि मुलींसाठी मोफत वर्ग निघाले होते. फाब्रने मुलींसमोर फुलातले पुंकेसर आणि बीजांड यांचे काम काय, फळ कसे धरते, हे समजावून सांगितले. झाले! मुलींपुढे असले विषय काढतो म्हणून गावातले धर्माभिमानी खवळले. ज्या दोघी बहिणींच्या घरात तो भाड्याने राहत होता, त्यांनी घर रिकामे करण्याची नोटीस दिली. बायकोमुले घेऊन जायचे कुठे? त्या वेळी इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आपल्या पत्नीच्या थडग्याजवळ आव्हिन्योंला राहत होता. पूर्वी लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षे कागद लिहिलेला हा गृहस्थ. वनस्पतींच्या नादाने त्याची फाब्रशी मैत्री जमली होती. त्याने कागदाचा चिटोराही न मागता तीन हजार फ्रँक धाडले. फाब्रने मास्तरकी सोडली, ओरांज गावी जाऊन शाळेची पुस्तके लिहिण्याचा सपाटा लावला, आणि ते पैसे फेडले.

१८७९ साली सेरिन्यां गावाबाहेर त्याने एक खडकाळ, काटेरी माळ विकत घेतला. नांगर न लागणारी जमीन. शेतकरी हसले असतील. पण किड्यांना तीच हवी होती. तिथे त्याने जन्म काढला आणि 'कीटकांच्या आठवणी' दहा खंडांत लिहून काढल्या.

त्यातली शेणकिड्याची हकिकत तुमच्या ओळखीची आहे. शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत नेणारा काळा भुंगा तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. लोक म्हणत, त्या गोळ्यात त्याचे अंडे असते. फाब्रने गोळ्यामागून गोळे फोडले, एकातही अंडे नाही! तो गोळा नुसती शिदोरी होती. मग अंडे कुठे? पहिल्या खंडात त्याने याचे जे उत्तर दिले ते चुकीचे निघाले. खरे उत्तर हाती आले ते एका तरुण मेंढपाळामुळे. मेंढ्या राखता राखता त्याला जमिनीत पेरूसारख्या आकाराची एक वस्तू सापडली, ती त्याने आणून दिली. तो शेणाचाच गोळा, पण एका टोकाला निमुळती मान काढलेला. आणि अंडे त्या मानेत. मोठा गोल भाग उन्हाळ्यात सुकू नये म्हणून गोल, कारण गोल वस्तूचा पृष्ठभाग कमी आणि ओल जास्त टिकते. अंडे मानेत अशासाठी की, तिथली भिंत पातळ आणि हवा जवळ. पहिली चूक फाब्रने पाचव्या खंडात उघडपणे दुरुस्त केली, आणि शोधाचे श्रेय त्या मेंढपाळाला दिले. वर्गात हे सांगण्यासारखे आहे.

डार्विनने त्याच्या निरीक्षणाची तोंड भरून स्तुती केली, पण फाब्रने डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही. माझ्या मते तिथे त्याचे चुकले. डोळ्यांनी दिसते त्यावर त्याचा इतका भरवसा की, जे लाखो वर्षांत घडते ते त्याच्या दुर्बिणीत मावेना. स्वतःच्या वंशाकडेही त्याने याच दृष्टीने पाहिले. हा किड्यांचा नाद आपल्याला कोणाकडून आला, म्हणून त्याने आजे-पणजे धुंडाळले. आजोबा गुरेमेंढरे पाळणारे शेतकरी. नातू किड्यामागे वेळ दवडतो हे पाहिले असते तर त्यांनी धपाटाच घातला असता, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

१९१० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षात, सेरिन्यांला त्याचा मोठा सत्कार झाला. १९१५ साली तो वारला. त्याचे घर आणि माळ आज संग्रहालय म्हणून जपलेले आहेत. त्या सत्काराच्या काही दिवस आधी, २८ मार्च १९१० रोजी, तिथून फार दूर नसलेल्या बेरच्या खाडीत मार्सेच्या एका तरुण इंजिनियराने पाण्यावरून विमान उचलले आणि सुमारे अर्धा किलोमीटर नेऊन पुन्हा पाण्यावर उतरवले. इंजिनाच्या बळावर पाण्यावरून उडालेले ते जगातले पहिले विमान. त्या इंजिनियराचे नाव आंरी फाब्र. तो जहाजमालकांच्या घराण्यातला, आणि १९८४ पर्यंत, म्हणजे एकशे एक वर्षे जगला. सेरिन्यांच्या मास्तराचा तो कोणी लागत नव्हता.