गरज सरली तरी वैद्य जगला पाहिजे



"गरज सरो, वैद्य मरो" ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही. माणसाचा स्वभाव ओळखूनच केली आहे. कोरोनाची साथ आली, तिला जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी जागतिक साथ म्हटले, आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. एकट्या महाराष्ट्रात दीड लाखाच्या आसपास माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. आपल्या कार्यक्षेत्रातही कुणाचा कर्ता मुलगा गेला, कुणाच्या घरची म्हातारी माणसे आठ दिवसांत गेली. आता तोंडाची फडकी गेली, यात्रा-जत्रा भरू लागल्या, आणि तो विषयसुद्धा कुणाला नकोसा झाला आहे. पण हिशेबी शेतकरी बुडालेल्या पिकाचाही हिशेब मांडतो. एवढी किंमत मोजून आपण काय कमावले, हे एकदा ताळेबंदासारखे समोर मांडले पाहिजे.

साथीतून समाज सुधारतो का? मागचा दाखला पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग सुरू झाला. पुढच्याच वर्षी तो पुण्यात पोचला. सरकारने १८९७ साली साथरोगाचा कायदा केला, गोरे शिपाई घरात घुसू लागले, लोक चिडले, आणि रँडचा खून झाला. हा इतिहास आपण शाळेत शिकलो. पण त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव रोग्यांची सेवा करीत होते. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांनाही रोगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा साथीनंतरही चालू राहिली. परळची आजची हाफकिन संस्था ती हीच. मुंबईच्या दाट, अंधाऱ्या वस्त्यांत रोग माजतो हे दिसल्यावर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर, माटुंगा, वडाळा या भागांची आखणी केली. घरे पाडली त्या गरिबांना पुरेशी नवी घरे मिळाली नाहीत, हेही तितकेच खरे. तरी माणसे येण्याआधी वस्ती आखावी, उजेड, वारा आणि सांडपाणी यांची सोय आधी करावी, हा विचार त्या वेळी पक्का झाला.

आता दुसरा दाखला. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून शिरली. आपल्याकडची जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. त्याच साली पाऊसही गेला होता. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे मेली, म्हणजे प्लेगच्या कुठल्याही एका सालापेक्षा कितीतरी अधिक. पण मानमोडी काही महिन्यांत ओसरली आणि लोक विसरले. खेड्यातल्या माणसासाठी कायमची सोय झाली नाही. देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली ती १९५२ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. मधल्या दोन पिढ्या वैदू, अंगारा आणि नशीब यांवर जगल्या.

सुरतेचा दाखला अलीकडचा आहे. १९९४ च्या सप्टेंबरात तिथे प्लेगची हाक उठली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त आले. त्यांनी अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रोज वॉर्डात फिरायला लावले, रस्ते रोज झाडले जातील अशी व्यवस्था लावली. दोन-तीन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली.

या दाखल्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. साथ काही आपोआप कुणाचे भले करीत नाही. साथीत धावपळ करून उभी केलेली सोय जिथे कायमची केली, तिथेच सुधारणा झाली. जिथे ती मोडली, तिथे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता नेरूळकडे वळू. नेरूळचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. पण पाटण, खटाव, शिराळ्याकडच्या किती घरांतली माणसे वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबतात आणि नेरूळ, कोपरखैरणे, घणसोलीत राहतात, हे आपल्याला माहीत आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. माणसे येण्याआधी गटारे, रस्ते आणि मोकळ्या जागा आखून नवे शहर वसवायचे, हाच तिचा हेतू. नवी मुंबई महापालिकेजवळ मोरबे धरणाचे स्वतःचे पाणी आहे. हात धुवा म्हणून सांगायला नळाला पाणी लागते, ते इथे होते.

तरीही साथ आली तेव्हा नेरूळसुद्धा अपुरे पडले. बाजार समितीत रोग पसरला आणि ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर बाजार बंद ठेवावा लागला. माथाड्याचा रोज बुडाला आणि इकडे शेतकऱ्याचा भाजीपाला रानात सडला. नमुने तपासायला बाहेर पाठवावे लागत, आणि अहवाल येईपर्यंत घरातली चार माणसे आजारी पडत. मग महापालिकेने नेरूळच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयात स्वतःची तपासणी प्रयोगशाळा उभी केली. ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली. जे काम वर्षानुवर्षे "पुढे बघू" म्हणून राहिले असते, ते निकडीमुळे झटक्यात झाले. त्याच काळात शेतकऱ्यांचे गट टेम्पो भरून थेट शहरातल्या सोसायट्यांच्या दारात भाजी पोचवू लागले. खाणारा आणि पिकवणारा समोरासमोर आले.

आणि आपण काय केले? चांगलेही केले, वाईटही केले. राज्यातल्या कारखान्यांच्या आसवन्यांनी दारूच्या अर्कापासून हात धुण्याचे सॅनिटायझर बनवले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची चणचण पडली, तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने इथेनॉलच्या यंत्रसामग्रीत बदल करून प्राणवायू तयार केला. साखर कारखाना माणसाचा श्वास वाचवू शकतो, हे लोकांनी पाहिले. आशा सेविका दारोदार फिरल्या, ताप मोजला, शिव्याही खाल्ल्या. शेवटी जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला, ही आपल्या सर्वांच्या विचाराची गोष्ट आहे.

वाईट ते असे, की मुंबई-नेरूळहून आलेल्या आपल्याच पोरांना गावोगाव वेशीवर काटे टाकून अडवले गेले. ज्यांच्या मनीऑर्डरीवर घरे उभी राहिली, ती माणसे परकी ठरली. आणि फडातल्या माणसांचे काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतले लाखाहून जास्त ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आवारांत आणि फडांत अडकले. कोपीत लेकरे, बैलाला वैरण नाही, गावाकडे म्हातारी माणसे एकटी. एप्रिलच्या मध्यावर सरकारने तपासणी करून त्यांना घरी सोडायची परवानगी दिली. कोयता चालला म्हणून आपला ऊस गेला. पण त्याच्या कोपीपाशी संडास आहे का, पिण्याच्या पाण्याचा नळ आहे का, हे किती सभासदांनी कधी पाहिले होते?

बंधूंनो, हे दयेपोटी सांगत नाही. २००२ नंतरचा लोकरी मावा आठवा. आपल्या फडात फवारा मारून भागले का? शेजाऱ्याच्या उसात मावा असला की आठ-पंधरा दिवसांत आपल्या बांधावर पांढरी लोकर दिसायची. शेवटी सगळ्या शिवाराने मिळून काम केले, डिफा आणि मायक्रोमससारख्या मित्रकिडी एकमेकांच्या फडात सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. माणसाच्या रोगाचेही तसेच आहे. कोपीतला ताप बंगल्याच्या दारात अडत नाही.

काही पाऊल पडले आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, एक मुलांचे आणि एक मुलींचे, अशी ती आखणी. आईबाप फडावर गेले तरी पोराची शाळा सुटू नये, हा हेतू चांगला. पण कागदावरची योजना आणि उभी राहिलेली भिंत यांत अंतर असते, हे सहकारात मुरलेल्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत ऊसदराबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी टोळ्यांच्या तळावर पाणी आणि संडासाची सोय होणार का? हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक तोडणी मजुराची तपासणी आणि त्याच्या लेकरांचे लसीकरण आरोग्य केंद्रामार्फत होणार का? तालुक्याच्या रुग्णालयात त्या काळात बसवलेली प्राणवायूची यंत्रे आज चालू आहेत, की धूळ खात आहेत? आणि गावात पुन्हा तशी वेळ आली, तर बाहेरून आलेल्या माणसाला ठेवायची जागा आज ठरलेली आहे, की पुन्हा काटेच टाकायचे?

चारही प्रश्न खर्चाचे आहेत आणि खर्च म्हटला की आपण हात आखडता घेतो. परंतु टनामागे पडणारा तो खर्च मांडून पाहावा, आणि त्याच्या शेजारी २०२०-२१ साली आपल्या घरांनी दवाखान्यात भरलेली बिले मांडावीत. कुठला आकडा मोठा, ते ज्याचे त्याला कळेल.

पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. लागणीच्या वेळी बेणे प्रक्रिया करून ठेवतो, ती रोग आलाच पाहिजे म्हणून नव्हे. तेवढीच काळजी या वेळी माणसांची घेऊ या.