आवाजाच्या खोलीची किल्ली कोणाकडे?

निपाणी शहराला लागूनच अर्जुननगर आहे. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. अर्जुननगर महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. तेथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे आणि निपाणीतील मुले तेथे शिकायला जातात. चालत जाता येईल एवढ्या अंतरात राज्य बदलते आणि दूरसंचार खात्याच्या नकाशावरील सर्कलही बदलते. गोव्यातील वाचकालाही हा अनुभव परका नाही. दूरसंचाराच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो. चोर्ला घाट चढून बेळगावच्या दिशेने निघालेला भाजीचा व्यापारी वाटेत कर्नाटक सर्कलमध्ये शिरतो.

या अदृश्य रेषेची किंमत सीमाभागाने अनेक वर्षे मोजली आहे. एसटीडीच्या काळात रात्री उशिरा दर उतरत, म्हणून बूथसमोर रांगा लागत. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी ‘वन इंडिया’ योजनेत देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला. तरी मोबाईल शेजारच्या राज्यातील टॉवरला जोडला गेला की रोमिंगचा आकार लागे. तो मोठ्या कंपन्यांनी २०१७ च्या सुमारास काढून टाकला. इंटरनेटवरील संभाषणाने तर सर्कलची रेषा जवळजवळ पुसून टाकली. आज बेळगाव, कोल्हापूर आणि पणजी येथील माणसे एकाच वेळी एका ‘खोलीत’ बसून बोलू शकतात. मात्र ती खोली कोणाच्या मालकीची, तिच्यात किती जणांना बसता येते आणि ती उद्या बंद झाली तर दाद कोठे मागायची, हे आता सॉफ्टवेअरचा परवाना ठरवतो. सीमाभागातील मराठी संस्था वर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर चालतात. म्हणूनच हा परवाना त्यांनी नीट वाचणे अगत्याचे आहे.

सर्व्हर नेमके काय करतो?

आवाजी संभाषणाच्या सर्व्हरचे काम समजायला सोपे आहे. बोलणाऱ्याच्या संगणकात किंवा मोबाईलमध्ये आवाजाचे अंकांत रूपांतर होते, ते अंक दाबून लहान केले जातात आणि इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातात. सर्व्हर त्या खोलीतील इतर प्रत्येकाकडे त्यांची एकेक प्रत पाठवतो. आवाज दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. पूर्वी इंटरनेट दूरध्वनीत रुळलेल्या जी.७२९ या कोडेकसाठी पेटंटधारकांना स्वामित्वधन द्यावे लागे. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस हा कोडेक स्वामित्वधनाविना वापरता येतो. छोट्या संस्थेला स्वतःचा सर्व्हर चालवणे परवडू लागले, त्यात ओपसचा वाटा मोठा आहे.

हिशेब मांडून पाहता येतो. एका बोलणाऱ्याच्या आवाजासाठी सेकंदाला ४० किलोबिट धरले, तर ऐकणाऱ्याला सलग तासाभरात साधारण १८ मेगाबाइट डेटा लागतो. खोलीत ३० जण असतील आणि एकच जण बोलत असेल, तर सर्व्हरला उरलेल्या २९ जणांकडे मिळून सेकंदाला सुमारे १.२ मेगाबिट पाठवावे लागतात. तिघे एकदम बोलले तर हा आकडा तिप्पट होतो. चित्रासह चालणाऱ्या बैठकीच्या मानाने हा भार फारच हलका असल्याने साध्या संगणकावर आणि बेताच्या जोडणीवरही काम भागते.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील अंतर

आज प्रचलित असलेल्या साधनांचे ढोबळ तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग सेवेचा. डिस्कॉर्ड ही २०१५ मध्ये सुरू झालेली सेवा त्याचे ठळक उदाहरण आहे. तेथे कोणीही ‘सर्व्हर’ उघडू शकतो, पण हा शब्द फसवा आहे. वापरणाऱ्याला मिळते ती कंपनीच्या यंत्रांवरील एक खोली. सर्व्हरचे सॉफ्टवेअर त्याच्या हाती कधीच येत नाही. पैसे द्यावे लागत नाहीत, परंतु अटी कंपनीच्या असतात आणि त्या बदलण्याचा अधिकारही तिचाच. असा बदल किती दूरवर जाऊ शकतो, हे स्काइपने दाखवून दिले. २००३ मध्ये सुरू झालेली आणि परदेशी गेलेल्या मुलाबाळांशी बोलण्यासाठी असंख्य मराठी घरांत पोहोचलेली ही सेवा मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी बंद केली.

दुसरा वर्ग मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरचा. जर्मनीतील कंपनीचे टीमस्पीक त्यात मोडते. ते संस्थेला स्वतःच्या यंत्रावर बसवता येते. एका वेळी ३२ जणांपर्यंत परवाना विकत घ्यावा लागत नाही. त्यापुढे जागांच्या संख्येनुसार पैसे भरावे लागतात. यंत्र संस्थेचे असले तरी सॉफ्टवेअरचा मूळ स्रोत बंद असतो आणि परवान्याची पडताळणी कंपनीच्या यंत्रणेकडून होते. विनानफा चालणाऱ्या गटांना नोंदणी केल्यावर ५१२ जागांपर्यंत मोफत परवाना देणारी योजना या कंपनीकडे पूर्वी होती. पुढे ती बंद करण्यात आली. त्यात बेकायदा काहीच नव्हते. परवाना ही दिलेली मुभा असते आणि देणारा तिच्या अटी नव्याने ठरवू शकतो. मात्र त्या मुभेवर विसंबलेल्या गटांपुढे पैसे भरणे किंवा जागा कमी करणे एवढेच मार्ग उरले.

तिसरा वर्ग मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा. २००५ पासून विकसित होत असलेले मंबल हे आवाजी संभाषणाचे सॉफ्टवेअर बीएसडी परवान्याखाली मिळते. ते कोणीही वापरावे, त्याच्या प्रती काढाव्यात, त्यात बदल करावेत आणि इतरांना द्यावे. मूळ हक्काची सूचना मात्र कायम ठेवावी, एवढीच त्याची अट. जागांच्या संख्येवर परवान्याची मर्यादा नाही. मर्यादा येते ती यंत्राच्या आणि जोडणीच्या ताकदीची. चित्रासह बैठकीसाठी वापरले जाणारे जित्सी अपाचे परवान्याखाली आहे. वर्ग भरवण्यासाठी कॅनडातील कार्लटन विद्यापीठात जन्मलेले बिगब्लूबटन एलजीपीएल या परवान्याखाली आहे. अशा परवान्यात एकदा दिलेला हक्क त्या आवृत्तीपुरता परत घेतला जात नाही. उद्या मूळ मंडळींनी काम थांबवले, तरी दुसरे कोणी ते पुढे नेऊ शकतात.

येथेही एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यावर कोणीतरी चालवलेली मोफत सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जित्सीच्या सार्वजनिक संकेतस्थळावर पूर्वी नाव न नोंदवता बैठक सुरू करता येई; ऑगस्ट २०२३ पासून बैठक सुरू करणाऱ्याला खात्याने प्रवेश करणे बंधनकारक झाले. ज्यांनी तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर बसवले होते, त्यांना या बदलाची झळ लागली नाही.

साहाय्य कोण करणार?

मुक्त परवान्याच्या अखेरीस ठळक अक्षरांत एक वाक्य असते: हे सॉफ्टवेअर ‘आहे तसे’ दिले आहे, त्याची कोणतीही हमी नाही. उत्साहाच्या भरात हे वाक्य वाचायचे राहून जाते. सर्व्हर रविवारी सायंकाळी, ऐन कार्यक्रमाच्या वेळी बंद पडला, तर कोणाला हाक मारायची, हा प्रश्न परवान्याइतकाच मोठा आहे.

दूरध्वनी यंत्रणेच्या क्षेत्रातील अ‍ॅस्टरिस्कचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणाने लिनक्स वापरणाऱ्यांना साहाय्य पुरवण्याचा व्यवसाय थाटला होता. कार्यालयासाठी दूरध्वनीची यंत्रणा विकत घेणे त्याला परवडेना, म्हणून १९९९ मध्ये त्याने स्वतःच ती लिहिली आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. पुढे त्याच्या कंपनीने लागणारी उपकरणे आणि साहाय्य विकून आपला चरितार्थ चालवला. सॉफ्टवेअर मोकळे आणि सेवा विकत, ही पद्धत तेव्हापासून या क्षेत्रात चांगली रुजली आहे.

बंद स्रोताच्या सॉफ्टवेअरमधील दोष केवळ त्याची मालक कंपनीच दूर करू शकते. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे काम कोणताही जाणकार करू शकतो, आणि बेळगावला याचे महत्त्व अधिक आहे. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे आणि शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. मराठी व कन्नड दोन्ही भाषांत समजावून सांगू शकणारा तरुण तंत्रज्ञ येथे मिळणे अवघड नाही. परदेशी कंपनीच्या साहाय्य केंद्राला इंग्रजीत पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा गावातील माणसाला ठरलेले मानधन देणे कित्येक संस्थांना सोयीचे जाईल.

मात्र हे मानधन अंदाजपत्रकात धरलेच पाहिजे. परवाना मोफत असला तरी यंत्राचे भाडे, डोमेनचे वार्षिक शुल्क, सुरक्षेच्या सुधारणा आणि माणसाचा वेळ यांना पैसे पडतात. घरच्या संगणकावर सर्व्हर थाटणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला त्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यासाठी स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा लागतो किंवा भाड्याचे यंत्र.

कायद्याची कुंपणे

तीन बाबतींत सावध राहणे आवश्यक आहे. पहिली, चोरट्या प्रतींची. मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरची जागांची मर्यादा तोडणारी ‘क्रॅक’ प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याखेरीज अशा प्रतीला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत, हे नुकसान वेगळेच.

दुसरी बाब दूरध्वनीच्या जाळ्याशी जोडणीची. भारतात १ एप्रिल २००२ पासून संगणक ते संगणक असे इंटरनेटवरील संभाषण चालते. पण अशा सर्व्हरवरून आलेला आवाज देशातील सर्वसाधारण दूरध्वनी किंवा मोबाईल क्रमांकावर उतरवणे हे दूरसंचार परवानाधारकाचेच काम आहे. सिमकार्डांची पेटी सर्व्हरला जोडून ‘स्वस्त फोन’ देण्याचा उद्योग बेकायदा ठरतो. सर्कलची जुनी रेषा या ठिकाणी अजून जिवंत आहे, असे म्हणता येईल. खोलीच्या आत मोकळीक आहे. खोलीतून दूरध्वनीच्या रस्त्यावर उतरायचे तर शासनाचा परवाना हवा.

तिसरी बाब ध्वनिमुद्रणाची. एखाद्याचा आवाज आणि त्यावरून पटणारी त्याची ओळख ही व्यक्तिगत माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भर संमतीवर आहे. त्यामुळे चर्चा मुद्रित होत असेल तर तसे आरंभीच सांगणे आणि उपस्थितांची संमती घेणे श्रेयस्कर. स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःची जबाबदारीही.

सीमाभागासाठी याचा अर्थ

कडोली, उचगाव, बेळगुंदी अशा बेळगाव परिसरातील गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ पासूनची आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या भागातील मराठी व्यवहार लोकांनी स्वतःच्या बळावर टिकवला. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचे काय व्हायचे ते होवो, पण बेळगाव, निपाणी, कोल्हापूर आणि गोवा येथील लेखक, वाचक, शिक्षक व व्यापारी यांना रोज एकमेकांशी बोलायचे असते. त्यासाठी भाड्याची खोली घ्यायची की स्वतःची बांधायची, हा निर्णय संस्थांनी डोळसपणे घ्यावा.

उत्तर प्रत्येक वेळी एकच असेल असे नाही. महिन्यातून एकदा दहा जणांची बैठक घेणाऱ्या मंडळाला मोफत सेवा पुरेशी आहे. तिने फक्त सभासदांची यादी आणि महत्त्वाच्या ध्वनिफिती स्वतःपाशी जपाव्यात. तीसच्या आत राहणाऱ्या गटाला मालकी हक्काचे सॉफ्टवेअरही चालेल, पण सभासद वाढले तर पुढील खर्च किती, हे त्याने आधी पाहून ठेवावे. दरवर्षी व्याख्याने आणि वर्ग भरवणाऱ्या, जुने ध्वनिमुद्रण जतन करू पाहणाऱ्या संस्थेला मात्र मुक्त सॉफ्टवेअर आणि गावातील तंत्रज्ञ हीच जोडी दूरवर साथ देईल.

निवड करण्यापूर्वी कार्यकारिणीच्या बैठकीत चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. एका वेळी किती जण बोलणार? परवाना कोणत्या तारखेला संपतो आणि नूतनीकरणाचा दर कोण ठरवतो? सेवा बंद झाली तर माहिती आणि ध्वनिफिती किती दिवसांत बाहेर काढता येतील? आणि सर्व्हरचा मुख्य सांकेतिक शब्द एकाच माणसापाशी आहे की दोघांपाशी? चौथा प्रश्न किरकोळ वाटतो. पण तो शब्द ठाऊक असलेला एकमेव तरुण नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, की उत्तम परवानाही निरुपयोगी ठरतो.