कापलेली फ्रेम जोडताना

जुनी मोटरसायकल पूर्ववत करायची म्हटले की इंजिन, टाकी आणि क्रोमियमचा मुलामा यांचाच विचार प्रथम मनात येतो. परंतु जिची फ्रेमच कोणी करवतीने कापली आहे, अशा मोटरसायकलीचे काय करायचे? तुकडे वेल्डिंगने जोडले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात हा प्रश्न भूमितीचा, उष्णतेचा आणि पदार्थांच्या बळाचा आहे.

फ्रेम का कापली गेली?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने १९६२ साली ए-६५ ही ६५४ घनसेंमीची, दोन सिलिंडरांची मोटरसायकल बाजारात आणली. तिची फ्रेम पोलादी नळ्यांची, सर्व सांधे वेल्ड केलेली अशी एकसंध होती. या गाड्या अमेरिकेतही मोठ्या प्रमाणावर गेल्या. तेथे त्या काळी ‘चॉपर’ करण्याची हौस पसरली होती. १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने तिला आणखी चालना दिली. चॉपर करताना फ्रेमवर दोन ठिकाणी करवत चाले. पुढे हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती ‘हेड’ नळी कापून अधिक तिरपी केली जाई. मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा भाग कापून तेथे ताठ, बिनस्प्रिंगचा त्रिकोण जोडला जाई. आज अशा गाड्या मूळ रूपात आणू पाहणाऱ्यांपुढे हे दोन्ही काप उभे राहतात.

एका अंशाची किंमत

फ्रेमचे मुख्य काम दोन अक्षांना नेमक्या जागी धरून ठेवणे हे आहे. एक हेड नळीचा अक्ष आणि दुसरा मागचे चाक ज्यावर वरखाली झुलते त्या खिळीचा अक्ष. हेड नळीचा अक्ष गाडीच्या मध्यप्रतलात हवा आणि मागच्या खिळीचा अक्ष त्या प्रतलाला लंब हवा.

हेड नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती पुढचे चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. चाकाचा टेकण्याचा बिंदू मागे फरफटत येत असल्यामुळे चाक सरळ होऊ पाहते. दवाखान्यातील ढकलगाडीची चाके ढकलताच आपोआप मागे वळतात, तसेच हे आहे. दुचाकी तोल सांभाळते ती केवळ ट्रेलमुळे नव्हे, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्रेलविना तोल सांभाळणारी सायकल बनवून दाखवण्यात आले. तरीही हँडल हाताला कसे लागते, हे बऱ्याच अंशी ट्रेलवर ठरते.

उदाहरणादाखल सोयीचे आकडे घेऊ. चाकाची त्रिज्या ३३ सेंमी, हेड नळीचा उभ्या रेषेशी कोन २७ अंश आणि चाकाचा आस हेड नळीच्या अक्षापासून ६ सेंमी पुढे. त्रिज्येला कोनाच्या साइनने गुणावे, त्यातून ६ वजा करावेत आणि उत्तराला कोसाइनने भागावे. ट्रेल सुमारे १०.१ सेंमी येतो. चॉपरसाठी कोन ४० अंश केला तर तो जवळजवळ २० सेंमी होतो! मग गर्दीत, मंद वेगात हँडल जड होऊन एका बाजूला कलू लागते. पुन्हा जोडताना केवळ एका अंशाची चूक झाली आणि कोन २८ अंश राहिला, तरी ट्रेल सुमारे ७ मिमीने बदलतो. हेड नळी बाजूला एक अंश कलली तर ७० सेंमी खाली असलेला चाकाचा आस सुमारे १२ मिमी बाजूला सरकतो आणि दोन्ही चाके एका रेषेत राहत नाहीत.

उष्णतेची ओढ

म्हणून कारागीर आधी मोजमाप करतो. त्याच मॉडेलची न कापलेली फ्रेम मिळाल्यास उत्तम. एका भक्कम, सपाट पोलादी मेजावर दोन्ही अक्षांत सरळ सळ्या घालून तुकडे घट्ट आवळतात. कोन आणि अंतरे जुळली की मगच वेल्डिंगची ज्योत पेटते.

आणि येथेच दुसरी अडचण येते. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके प्रसरण पावते. नळीचा ५ सेंमी भाग ५०० अंश सेल्सिअसने तापला तर ०.३ मिमीचा फरक पडतो. हे आकुंचन नळीच्या एकाच बाजूला झाले आणि नळी ३० मिमी जाड असली, तर ती अर्ध्या अंशाहून अधिक वाकू शकते. म्हणजे जोडण्याची क्रियाच मोजमाप बिघडवते. यावर उपाय म्हणजे आधी समोरासमोर छोटे टाके मारणे, पुन्हा मोजणे आणि मग थोडे या बाजूला, थोडे त्या बाजूला असे वेल्डिंग करणे. फ्रेम पूर्ण थंड होईपर्यंत ती मेजावरून सोडत नाहीत.

सांधा कसा असावा?

नळी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येतो. दोन टोके नुसती भिडवून वेल्ड केली तर संपूर्ण सांधा एकाच आडव्या छेदावर येतो आणि तेथूनच तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून आत घट्ट बसणारी दुसरी नळी घालतात. बाहेरच्या नळीला भोके पाडून त्यांतूनही ती आतल्या नळीशी वेल्ड करतात. आतल्या नळीची टोके तिरपी कापतात, कारण जाडी एकदम बदलली तर ताण तेथेच एकवटतो.

शेवटी तड्यांची तपासणी होते. सांध्याला लाल रंगाचा पातळ द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. केशाकर्षणाने तड्यात शिरलेला रंग भुकटीत ओढला जातो आणि लाल रेघ उमटते. वर्गात तडा गेलेला चिनी मातीचा कप आणि शाई घेऊन याची कल्पना देता येईल.

थांबावे कोठे?

गंजाने नळ्या आतून पातळ झाल्या असतील किंवा हेड नळीजवळ जुन्या वेल्डिंगचे थर साचले असतील, तर फ्रेम रस्त्यावर आणू नये. धावत्या गाडीचा तो सांधा सुटला तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. मग दुसरी फ्रेम का घेऊ नये? फ्रेमवर ठोकलेला क्रमांक ही त्या गाडीची ओळख असते. फ्रेम बदलली की तो इतिहास तुटतो. जुना क्रमांक नव्या फ्रेमवर ठोकणे हा तर बहुतेक देशांत गुन्हा आहे. अशा वेळी खराब फ्रेम संग्रहात ठेवणे हेच शहाणपणाचे.

वर्गात करून पाहा

सायकल सरळ उभी करा. पुढच्या चाकाच्या आसापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. हेड नळीच्या रेषेत लांब काठी धरून ती जमिनीला टेकते तेथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणांमधील अंतर हा त्या सायकलचा ट्रेल. आता चाकाची त्रिज्या, कोन आणि आसाचे पुढे आलेले अंतर मोजून हेच उत्तर गणिताने काढा. दोन्ही उत्तरे किती जुळतात, यावरून एका अंशाची चूक मोजमापात किती सहज होते, हे विद्यार्थ्यांना दिसून येईल.