पिल्लाआधीची पिशवी

शनिवारी संध्याकाळी कर्वे रस्त्यामागच्या गल्लीतल्या त्या दुकानात उभं राहायला जागा नसते. दारात खाद्याच्या मोठाल्या गोण्या रचलेल्या, छताला पट्टे आणि साखळ्या टांगलेल्या, काउंटरच्या काचेखाली घुंगरं, शिट्ट्या आणि रंगीत बो-टाय. पुण्यातलं एक जोडपं आणि त्यांची शाळकरी मुलगी तिथे टोपली भरत होती. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे लॅब्रॅडॉरचं पिल्लू यायचं होतं. टोपलीत गुबगुबीत गादी, हाडाच्या आकाराची उशी, लाल स्वेटर, प्लॅस्टिकची दोन भांडी, कॅल्शियमच्या सिरपची बाटली, एक साखळी आणि बरीच खेळणी होती.

दुकानदारांनी बिल करायला घेतलं नाही. आधी विचारलं, "ताई, पिल्लू किती दिवसांचं? वजन किती? आणि सध्या तिथे काय खातंय?"

वय तेवढं माहीत होतं, आठ आठवडे. वजन विचारायचं राहिलं होतं, खाण्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. "मग लावा फोन त्यांना, मी थांबतो," असं म्हणत दुकानदारांनी टोपली काउंटरच्या एका कडेला सरकवली. नव्याने कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला ते हेच तीन प्रश्न विचारतात. उत्तरं मिळाल्याशिवाय काय द्यायचं हे ठरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वयाचा प्रश्न कायद्यातही आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंद असावी लागते. या आठ आठवड्यांत पिल्लू आईचं दूध सोडून घन अन्नावर येतं. भावंडांशी झोंबाझोंबी करताना दात किती जोरात लावायचे हेही तिथेच शिकतं. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू उचलून आणलं तर या शिकवणीला ते मुकतं, आणि दुकानातली कुठलीही वस्तू ती उणीव भरून काढत नाही.

फोनवर उत्तर मिळालं. पिल्लू पाच किलोच्या आसपास होतं आणि एका कंपनीचं पपी-खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा खात होतं. दुकानदारांनी तेच खाद्य काढलं, तेही सर्वांत लहान पुडा. वडिलांची नजर मोठ्या गोणीवर होती, कारण किलोमागे ती स्वस्त पडते. पण नवं घर, नवी माणसं आणि आईचा विरह एकाच दिवशी सोसणाऱ्या पिल्लाचं खाणंही त्याच दिवशी बदललं, तर बहुतेक वेळा पोट बिघडतं. पहिला आठवडा जुनंच खाद्य द्यायचं. बदलायचं असेल तर नंतर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यायचं. शिवाय गोणी एकदा फोडली की पावसाळी हवेत त्यातली चरबी खवट होऊ लागते. खाद्य हवाबंद डब्यात ठेवलं तरी मूळ पिशवी फेकू नये, कारण उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक तिच्यावरच असतो.

मग त्यांनी टोपलीतून सिरपची बाटली बाहेर काढून परत फळीवर ठेवली. "मोठ्या जातीचं पिल्लू आहे, हाडं मजबूत नकोत का व्हायला?" वडिलांनी विचारलं. हा समज घरोघरी आहे आणि त्यातूनच नुकसान होतं. पपी-खाद्यात वाढीपुरतं कॅल्शियम आधीच असतं. मोठ्या जनावराचं शरीर नको असलेलं कॅल्शियम आतड्यातूनच पुढे जाऊ देऊ शकतं, पण लहान पिल्लाला ते पुरेसं जमत नाही. जास्तीचं कॅल्शियम अंगात शिरतं आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. म्हणूनच अशा जातींसाठी 'लार्ज ब्रीड पपी' असं वेगळं खाद्य मिळतं. त्यात कॅल्शियम आणि उष्मांक मोजून-मापून ठेवलेले असतात. कॅल्शियम वरून द्यायचं की नाही, हे पशुवैद्यानेच सांगावं.

तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. रस्त्यावर सापडलेली पिल्लं सांभाळणाऱ्या एका मुलीकडून त्या गावठी पिल्लू घेणार होत्या. त्यांच्या मते खरेदी फारशी नव्हतीच. "आमच्या वाड्यातला मोत्या दूध-पोळीवरच वाढला," त्या म्हणाल्या.

"बाई, तो दिवसभर वाड्यात हिंडून घुशी-उंदीर, शेजारपाजारचं मटण असं कितीतरी खात असेल," दुकानदार म्हणाले. "तुमचं पिल्लू तिसऱ्या मजल्यावर राहणार. त्याला तुम्ही द्याल तेवढंच मिळणार."

कुत्र्याला वाढीच्या वयात भरपूर प्रथिनं लागतात आणि दूध-पोळीतून ती पुरेशी मिळत नाहीत. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची ताकदही कमी होत जाते, म्हणून गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. गावठी पिल्लाची गरज लॅब्रॅडॉरपेक्षा या बाबतीत वेगळी नाही. घरचं शिजवलेलं द्यायचं असेल तर अंडी, चिकन, भात, भाज्या यांचं प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं लागतं.

बाईंनी एक गोष्ट मात्र फार चांगली ठरवली होती. गादी न घेता त्या जुन्या साड्यांची गोधडी अंथरणार होत्या. धुता येते, लवकर वाळते आणि पिल्लाने शू केली तरी जीव हळहळत नाही. दुकानदारांनी दोनच गोष्टी सांगितल्या. गोधडीचे सुटे दोरे आणि उसवलेले टाके कापून टाकायचे, कारण पिल्लू दोरा चघळत गिळतं, तो आतड्यात अडकला की आतड्याला चुण्या पडत जातात आणि बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. दुसरं, एक जुनं फडकं आजच त्या मुलीकडे देऊन ठेवायचं आणि पिल्लाच्या भावंडांच्या अंथरुणात राहू द्यायचं. पहिल्या रात्री त्या वासाने पिल्लू लवकर शांत होतं. हे ऐकून शाळकरी मुलीने टोपलीतली गादी स्वतःच उचलून जागेवर ठेवली. आजीची गोधडी त्यांच्याही घरी होती.

साखळीही गेली. तिच्याऐवजी आली हलकी नायलॉनची पट्टी आणि मागेपुढे करता येणारा पट्टा. दुकानदारांनी मुलीच्या मनगटावर पट्टा बांधून माप दाखवलं. पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. सैल पट्ट्यातून पिल्लू डोकं काढून घेतं, घट्ट पट्टा मानेला काचतो. दोन महिन्यांच्या लॅब्रॅडॉरची मान इतक्या झपाट्याने भरते की दर आठवड्याला बोटं घालून बघावं लागतं. पुढे फिरायला नेताना मानेऐवजी छातीवर ताण घेणारा हार्नेस बरा, पण तो आत्ता घेतला तर महिन्याभरात लहान होतो. पट्ट्याला मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला मात्र पहिल्या दिवसापासून हवा. घंटा आणि घुंगरं नकोत. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात, त्याला ती किणकिण चोवीस तास गळ्यात वागवावी लागते.

खेळण्यांच्या फळीपाशी सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि पिल्लू चपला, सोफ्याचे पाय, माणसांचे घोटे असं दिसेल ते चावतं. चावायला योग्य वस्तू देणं एवढाच उपाय. पण कोणती वस्तू योग्य? दुकानदारांनी एक कडक हाड काढून मुलीला म्हटलं, "नखाने दाबून बघ." नख रुतलं नाही. मग रबराचं पोकळ खेळणं दिलं, त्यावर नखाची खूण उमटली. नख रुतणार नाही इतकी कडक वस्तू दातांचे तुकडे पाडू शकते. शिजवलेलं हाड तर फुटून टोकदार होतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. टोपलीतली डोळे चिकटवलेली दोन मऊ खेळणीही मागे राहिली. असे डोळे पहिल्या संध्याकाळीच उचकटून गिळले जातात.

रबराच्या त्या पोकळ खेळण्यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या जो मार्कम यांच्या फ्रिट्झ नावाच्या जर्मन शेफर्डला दगड चावायची सवय होती आणि त्यात त्याचे दात झिजत चालले होते. फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना मार्कम यांनी बाजूला टाकलेला सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झने उचलला आणि दगड सोडून दिले. त्यावरून 'काँग' हे खेळणं तयार झालं. आज त्याच्या पोकळीत भिजवलेलं खाद्य किंवा दही भरून जगभरची पिल्लं गुंतवून ठेवली जातात. दुकानातल्या कुत्र्याच्या बिस्किटांचा इतिहास त्याहून जुना. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या सुमाराला लंडनमध्ये ती विकायला सुरुवात केली. त्याच्याकडे नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ मध्ये भरवलेलं श्वानप्रदर्शन आजही क्रफ्ट्स याच नावाने भरतं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात मालक हाच खरा गिऱ्हाईक असतो, हे तेव्हापासून ठाऊक झालेलं आहे. लाल स्वेटर त्यामुळेच दर्शनी भागात टांगलेला असतो.

भांडी स्टीलची घेतली, खाली रबराची कड असलेली. प्लॅस्टिक चावलं जातं आणि त्याच्या ओरखड्यांत घाण साठते. शी-शूसाठी पॅड विकत मिळतात, पण रद्दी वर्तमानपत्रांनीही भागतं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास शू रोखू शकतं, म्हणून जेवण, झोप आणि खेळ झाल्यावर दर वेळी त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. फरशीवर घाण झाली तर काळं फिनेल वापरू नये. पिल्लू फरशी चाटतं आणि फिनेलमधल्या घटकांनी तोंड, पोट आणि पंजे पोळतात. एन्झाइम असलेलं क्लीनर शूचा वास मुळापासून घालवतं, त्यामुळे पिल्लू पुन्हा त्या जागी जात नाही. घरात आधी एखादं कुत्रं पार्व्होने गेलं असेल तर आणखी काळजी हवी. तो विषाणू महिनोन्महिने टिकतो. जागा आधी साबणाने धुऊन मग तीसपट पाण्यात मिसळलेलं घरगुती ब्लीच दहा मिनिटं राहू द्यावं लागतं.

गोचिडांच्या औषधाची फळी काउंटरच्या मागे होती. तिथलं काहीही दुकानदारांनी दिलं नाही. गोचिडांमुळे होणारा ताप महाराष्ट्रात सर्रास आढळतो, पण पावडरी, थेंब, गळ्यातले पट्टे यांतली बरीचशी औषधं ठरावीक वयाच्या आणि वजनाच्या आत चालत नाहीत. जंताच्या औषधाचा डोसही वजनावरच ठरतो. "हे डॉक्टरांनी लिहून दिलं की या," त्यांनी दोन्ही गिऱ्हाइकांना सांगितलं.

घरात आधीपासून असलेल्या वस्तूंची यादी मात्र त्यांनी बिलाच्या मागे स्वतः लिहून दिली. कांदा-लसणाचं वाटण घातलेली आमटी, शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची गोळी, कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदरांचं औषध, गॅलरीतली कण्हेर आणि डिफेनबाकिया. हे सगळं कुत्र्याला विषारी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या आपल्या गोळ्या आपल्या मनाने कधीही द्यायच्या नाहीत. गॅलरीच्या गजांमधून पिल्लू जाईल का ते मोजायचं, मोबाइलच्या वायरी उचलायच्या आणि गुळगुळीत टाइल्सवर रबराची चटई टाकायची, कारण घसरत चालणाऱ्या पिल्लाच्या पायांवर ताण येतो.

शेवटी जोडप्याच्या पिशवीत राहिलं ते एवढंच: खाद्याचा पुडा, स्टीलची दोन भांडी, पट्टा, पट्टी आणि बिल्ला, रबराचं एक खेळणं, क्लीनरची बाटली, मऊ ब्रश आणि खांद्याला अडकवायची कापडी झोळी. झोळी का, असं आईने विचारलं. लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडणं धोक्याचं, पण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान त्याने माणसं, रिक्षांचे आवाज, लिफ्ट, पाऊस हे सगळं पाहिलं-ऐकलं नाही तर पुढे ते बुजरं होतं. झोळीत घालून कर्वे रस्त्यावरून रोज एक फेरी मारली की दोन्ही गोष्टी साधतात. बाईंनीही झोळी घेतली.

या खरेदीत न दिसणाऱ्या तीन गोष्टी पिशवीइतक्याच गरजेच्या आहेत. पिल्लू देणाऱ्याकडून लसींची आणि जंताच्या औषधाची नोंद लेखी घ्या. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर द्या आणि पुढे पशुवैद्य सांगेल तशी पुन्हा देत राहा. त्या लसीच्या प्रमाणपत्रावर महापालिकेचा परवाना काढा, पुण्यात आणि मुंबईत तो बंधनकारक आहे. आणि पिल्लू आणायची तारीख ठरली असेल तर दुकानात जाण्याआधी पशुवैद्याला फोन करून पहिल्या दोन-तीन दिवसांतली वेळ घेऊन ठेवा. रात्री-अपरात्री सुरू असणारा जवळचा दवाखाना कोणता, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.