बोललो नाही, तरी कळलं!

स्ट्राव्हा हे पळण्या-सायकलिंगची नोंद ठेवणारं ॲप. कंपनीने जगभरच्या लोकांच्या वाटा एकत्र करून एक चमचमता नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं, मग भीती कसली? जानेवारी २०१८मध्ये नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने तो नकाशा बारकाईने पाहिला. सीरिया, अफगाणिस्तानचा भाग जवळपास काळाकुट्ट, आणि मधेच कुठेतरी उजळ रेघा! अशा जागी घड्याळ लावून पळतंय कोण? परदेशी फौजांचे जवान. रोज सकाळी कुंपणाच्या कडेने मारलेल्या फेऱ्यांनी लष्करी तळाचा आकारच नकाशावर उमटला होता. ना हेर लागला, ना फितूर.

फोटोंचंही तसंच. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असली, की प्रत्येक फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश जाऊन बसतात. ज्यांच्या नावाचं अँटिव्हायरस घरोघरी होतं, ते जॉन मॅकॅफी २०१२मध्ये बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे होते. ते लपूनछपून फिरत होते. बरोबरच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि फोटोतल्या आकड्यांनी पत्ता दिला: ग्वाटेमाला.

इथे एक कामाची गोष्ट. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, तर हे आकडे वाटेत गळून पडतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर आकड्यांसकट पोचतो. फ्लॅट भाड्याने द्यायचाय, फोटो स्वच्छ दिसावेत म्हणून डॉक्युमेंट करून अनोळखी माणसाला पाठवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जरा थांबावं.

बरं, लाइकचं काय? केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५मध्ये हजारो लोकांचे फेसबुक लाइक तपासले. तुम्ही केलेले १० लाइक हाती आले, की कॉम्प्युटर तुमचा स्वभाव ऑफिसातल्या सहकाऱ्यापेक्षा बरा ओळखतो. ७० झाले, की मित्रापेक्षा. १५०ला घरच्यांपेक्षा. आणि ३००च्या आसपास नवरा-बायकोलाही मागे टाकतो!

मी तर कुठेच काही टाकत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब. फेसबुकवरची लोकांची माहिती वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या प्रकरणातलं प्रश्नोत्तरांचं ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. फेसबुकने २०१८मध्ये स्वतःच सांगितलं, की त्यांच्या मित्रयादीतून आणखी ५,६२,१२० जणांची माहिती बाहेर गेलेली असू शकते. खेळला मावसभाऊ, माहिती गेली तुमची.

आणि टाकलेलं पुसून टाकलं तर? मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने २०११मध्ये फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. हातात १,२००हून जास्त पानं पडली. त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेला मजकूरही होता!

आता आपल्या घरची गोष्ट, आणि मला ही सगळ्यांत मोलाची वाटते. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी वयाच्या ८६व्या वर्षी आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला, नागरिकांचे हक्क नाकारणारा १९७६चा एक निकाल चुकीचा ठरवला. तो देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. हक्कापुढे वडिलांचा शब्दही मोडावा लागतो, हे धैर्य मोठंच.

तो हक्क आपल्याला मिळालाय, तर वापरूया. आज रात्री फोन चार्जिंगला लावण्याआधी सेटिंगमध्ये जा आणि कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि तसंच आई-बाबांच्या फोनवरही करून द्या. त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.