स्पॅनिश नियमित क्रियापदाची आख्यातरूपे : काळ, अर्थ आणि मराठी प्रतिरूपे

स्पॅनिश भाषेतील साहित्याचा मराठी वाचकाला झालेला परिचय बहुतांशी इंग्रजी भाषांतरांच्या द्वारे झालेला आहे. बोर्हेस, रुल्फो किंवा गार्सिया मार्केस यांची वाक्ये मराठीत येण्यापूर्वी अशा एका भाषेतून जातात, जिच्यातील क्रियापदाला विकार फार थोडे होतात. या प्रवासात काय गळून पडते हे पाहावयाचे असेल तर मूळ भाषेतील एखादे साधे, नियमित क्रियापद घेऊन त्याची रूपे काळ व अर्थ यांच्या अंगाने तपासणे उपयुक्त ठरते. अनियमित क्रियापदांचा विचार येथे मुद्दाम टाळला आहे. अडचण रूपे पाठ करण्याची नसून ती कोठे योजली जातात हे समजण्याची आहे, आणि ती अडचण नियमित क्रियापदातही तेवढीच असते.

स्पॅनिश क्रियापदांचे तीन वर्ग मानले जातात. त्यांची मूळ रूपे अनुक्रमे -आर, -एर आणि -ईर यांनी संपतात : आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बीबीर (जगणे, राहणे). पहिला वर्ग सर्वांत मोठा असून नव्याने घडणारी क्रियापदे प्रायः त्यातच दाखल होतात. आब्लार हा शब्द लॅटिनमधील 'कथा सांगणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हे उदाहरण त्यामुळेही जवळचे वाटावे. ज्या क्रियापदाचा धातू सर्व रूपांत अविकृत राहतो आणि ज्याला आपल्या वर्गाचे ठराविक प्रत्यय लागतात ते नियमित, एवढाच या संज्ञेचा अर्थ.

रूपाची घडण संस्कृत व्याकरणाशी परिचित असलेल्यास अनोळखी वाटणार नाही. 'आब्लाबामोस' (आम्ही बोलत होतो) हे रूप आब्ल्-आ-बा-मोस असे फोडता येते. 'आब्ल्' हा धातू. 'आ' हा वर्गदर्शक स्वर, म्हणजे जवळजवळ विकरणच. 'बा' हा काळ व अर्थ दाखविणारा प्रत्यय. आणि 'मोस' हा पुरुष व वचन दाखविणारा. वर्तमानकाळाची रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान अशी होतात. पुरुष प्रत्ययातूनच कळत असल्याने सर्वनामाचा उच्चार सहसा होत नाही.

या घडणीत आघाताला प्रत्ययाइतकेच महत्त्व आहे. पहिल्या अक्षरावर आघात असता 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो'. तोच शेवटच्या अक्षरावर गेला की 'तो बोलला'. (प्रस्तुत लेखात आघात अन्त्य अक्षरावर असेल तेथे अवग्रहाचे चिन्ह घातले आहे : आब्लोऽ.) त्याचप्रमाणे 'आब्लेऽ' म्हणजे 'मी बोललो', तर 'आब्ले' हे अगदी वेगळ्या अर्थाचे रूप असून त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

मराठी क्रियापदाच्या बहुसंख्य रूपांत लिंग असते, स्पॅनिशच्या आख्यातरूपांत ते नसते. 'आब्लेऽ' म्हणणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे रूपावरून ठरत नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र 'बोललो' की 'बोलले' याचा निर्णय पहिल्याच वाक्यात करावा लागतो. कार्लोस फुएन्तेस यांची 'आउरा' (१९६२) ही कादंबरिका द्वितीयपुरुषी निवेदनात, वर्तमान व भविष्यकाळात लिहिलेली आहे. तिचे भाषांतर करताना 'तू बोलतोस' हे रूप लिंग उघड करते आणि 'तू बोलशील' हे करीत नाही. मूळ रूपांत असा भेदच नाही.

भूतकाळाकडे वळल्यावर पहिली मोठी जोडी भेटते : 'आब्लोऽ' आणि 'आब्लाबा'. पहिले रूप क्रियेकडे ती संपून गेलेली घटना म्हणून पाहते; दुसरे त्या क्रियेच्या आतून, ती चालू असताना पाहते. 'आब्लोऽ' म्हणजे 'बोलला', याबद्दल वाद नाही. पण 'आब्लाबा' साठी मराठीत तीन रूपे उपलब्ध आहेत : 'बोलत होता', 'बोलत असे', आणि रीतिभूतकाळाचे 'बोले'. चालू क्रिया आणि रीत यांत मराठी जो भेद करते तो स्पॅनिश रूप करीत नाही. संदर्भाने तो ठरवावा लागतो. इंग्रजीचा साधा भूतकाळ मात्र 'आब्लोऽ' आणि 'आब्लाबा' या दोहोंसाठीही चालतो. परिणामी, इंग्रजीवरून मराठीत येताना जेथे 'आजी बोलत असे' हवे तेथे 'आजी बोलली' येण्याचा धोका असतो, आणि वर्षानुवर्षांची रीत एका दुपारच्या प्रसंगात रूपांतरित होते. मराठीकडे साधने असूनही ती वापरली जात नाहीत, हे यातील खरे नुकसान.

ही काळव्यवस्था सर्वांत स्वच्छ रीतीने मांडली ती आन्द्रेस बेल्यो यांनी. काराकासमध्ये १७८१ साली जन्मलेल्या आणि पुढे चिलीत कार्य केलेल्या या विद्वानाने १८४१ मध्ये काळांचे स्वतंत्र विश्लेषण प्रसिद्ध केले आणि १८४७ च्या आपल्या व्याकरणात ते समाविष्ट केले. बेल्यो यांनी प्रत्येक काळाला त्याचे नाव त्याच्या संबंधावरून दिले. 'आब्लोऽ' हा भूत. 'आब्लाबा' हा दुसऱ्या एखाद्या भूतक्रियेच्या बरोबर असलेला, म्हणून 'सहभूत'. 'आब्लारीआ' (बोलणार होता, बोलेल असे त्या वेळी वाटले) हा भूतक्रियेच्या नंतरचा, म्हणून 'उत्तरभूत'. 'आ आब्लादो' (बोलला आहे) हा 'पूर्ववर्तमान'. नावातच व्याख्या आली. स्पॅनिश राजकीय अकादमीने २००९ च्या व्याकरणातही पारंपरिक नावांबरोबर बेल्यो यांची नावे दिली आहेत. मराठी व्याकरणात 'पूर्ण', 'अपूर्ण' या संज्ञांनी आपण क्रियेची अवस्था सांगतो. एका क्रियेचा दुसऱ्या क्रियेशी असलेला संबंध सांगणाऱ्या संज्ञा आपल्याकडे रुजल्या नाहीत, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

भविष्यकाळाचे रूप 'आब्लाराऽ' (बोलेल) हे मुळात दोन शब्दांचे आहे. लॅटिनमधील जुना भविष्यकाळ लुप्त झाला आणि त्याच्या जागी मूळ क्रियारूप व 'जवळ असणे' या अर्थाचे सहाय्यक क्रियापद (आजचे आबेर) यांची जोडणी आली : आब्लार + आ. 'बोलणे आहे' यातून 'बोलेल' निघाले. संस्कृतातील लुट् लकाराचे 'कर्तास्मि' हे रूप कर्तृवाचक नाम आणि 'अस्' यांच्या संयोगातून बनते. त्याची येथे आठवण होते. ही जोडणी मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये इतकी सैल होती की तिच्या मध्ये सर्वनाम शिरू शकत असे. १४९२ साली आपले व्याकरण लिहिणाऱ्या नेब्रिहा यांनाही हे दोन घटक स्पष्ट दिसत होते. 'आब्लारीआ' हे रूप याच रीतीने, पण सहाय्यकाच्या सहभूत रूपाने बनले आहे : बोलणे + होते. गार्सिया मार्केस यांच्या १९६७ च्या प्रसिद्ध कादंबरीचे पहिले वाक्य नेमक्या याच दोन घटकांच्या, परंतु न मिसळलेल्या, संयोगावर उभे आहे. भूतकाळात उभे राहून भविष्याकडे आणि तेथून पुन्हा मागे पाहण्याची ती रचना मराठीत '-णार होता' या रूपाने बिनचूक पेलता येते.

आता 'आब्ले' या रूपाकडे येऊ. धातू तोच, प्रत्यय तेच; केवळ वर्गदर्शक स्वराची अदलाबदल झाली आहे. पहिल्या वर्गात 'आ' च्या जागी 'ए' येतो (आब्ला, आब्ले); उरलेल्या दोन वर्गांत 'ए' च्या जागी 'आ' (कोमे, कोमा; बीबे, बीबा). एका स्वराच्या या उलथापालथीने क्रियापदाचा अर्थ (काळाहून भिन्न या पारिभाषिक अर्थाने) बदलतो. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) विवेचिलेले स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ध्यानात घेऊन अभ्यासक या रूपाला सहजच 'विध्यर्थ' म्हणून मोकळा होतो. हे समीकरण टिकत नाही.

'क्येरो के आब्ले' याचे मराठी 'त्याने बोलावे अशी माझी इच्छा आहे' असे होते. येथे विध्यर्थ बरोबर बसतो. 'क्वान्दो आब्ले' म्हणजे मात्र 'तो बोलेल तेव्हा'. मराठीत भविष्यकाळ आला. 'आउन्के आब्ले' म्हणजे 'तो बोलला तरी'. येथे भूतकाळाचे रूप. 'नो क्रेओ के आब्ले ब्येन' म्हणजे 'तो चांगले बोलतो असे मला वाटत नाही'. येथे निव्वळ वर्तमानकाळ. हेच वाक्य होकारार्थी केले (क्रेओ के आब्ला ब्येन) की स्पॅनिशमध्ये रूप बदलते, मराठीत 'बोलतो' तसेच राहते. एका रूपाला मराठीत चार उत्तरे मिळतात.

पुष्कळ पाठ्यपुस्तके या रूपाची व्याख्या 'संशय वा अनिश्चितता दाखविणारे' अशी करतात. तीही अपुरी आहे. 'मे आलेग्रा के आब्ले' म्हणजे 'तो बोलतो याचा मला आनंद आहे'. तो बोलतो याबद्दल येथे कोणालाही संशय नाही, तरीही रूप 'आब्ले' च आहे. याचे कारण असे की वक्ता 'तो बोलतो' हे विधान करीत नाही. त्याचे विधान आनंदाचे आहे, बोलणे हे गृहीत धरलेले आहे. 'आब्ला' म्हणताना वक्ता त्या गोष्टीची ग्वाही देतो. 'आब्ले' म्हणताना ती ग्वाही तो स्वतःवर घेत नाही, मग ती गोष्ट इच्छित असो, शंकित असो, भावी असो वा सर्वमान्य असो. 'आउन्के आब्ला' म्हणजे 'तो बोलतो आहे, तरीही' आणि 'आउन्के आब्ले' म्हणजे 'बोलला तरी', किंवा 'बोलत असेलही, पण त्याने काय होते'. निवेदक कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही हे कथनात्म साहित्यात कळीचे असते, आणि स्पॅनिशमध्ये ते एका स्वरावर अवलंबून असू शकते.

उलट दिशेनेही समीकरण फसते. 'त्याने संध्याकाळी यावे, ओट्यावर बसावे, चार गोष्टी बोलाव्यात आणि निघून जावे' या मराठी निवेदनातील विध्यर्थ भूतकाळातील रीत सांगतो. त्याचे स्पॅनिश प्रतिरूप 'आब्ले' नव्हे, तर 'आब्लाबा'.

आज्ञेच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे साम्य लक्षणीय आहे. जवळच्या माणसाला 'आब्ला' (बोल) म्हणतात. परंतु निषेध करताना हे रूप चालत नाही, 'नो आब्लेस' म्हणावे लागते. मराठीतही 'बोल नको' होत नाही, 'बोलू नकोस' असे रूपच बदलावे लागते. आदरार्थी 'उस्तेद' हे सर्वनाम 'आपली कृपा' या अर्थाच्या जुन्या संबोधनातून आले असल्याने त्याला तृतीयपुरुषी रूप लागते, आणि आज्ञा 'आब्ले उस्तेद' अशी होते. 'आपण बोलावे' म्हणताना मराठीही आज्ञार्थ सोडून विध्यर्थाचाच आश्रय घेते.

याच अर्थाच्या भूतकाळाला दोन पर्यायी रूपे आहेत : आब्लारा आणि आब्लासे. 'सी आब्लारा' म्हणजे 'तो बोलता तर'. मराठी संकेतार्थात 'तो बोलता तर मी ऐकतो' असे दोन्ही अंगांना एकच रूप येऊ शकते. स्पॅनिश प्रमाणरूपात अट या रूपात आणि फळ 'उत्तरभूता'त जाते. भविष्यासाठी 'आब्लारे' असे तिसरे रूप होते. ते आता कायद्याच्या मजकुरात आणि काही म्हणींत उरले आहे. पोर्तुगीजमध्ये त्याचे भावंड रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, त्यामुळे गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकाला ते परके वाटणार नाही.

आब्लारा आणि आब्लासे यांची कुळे वेगळी आहेत. आब्लासे लॅटिनमध्येही याच अर्थाचे होते. आब्लारा मात्र तेथे स्वार्थाचा पूर्णभूतकाळ, म्हणजे 'बोलला होता', असे होते. तो जुना अर्थ लेखी भाषेत, विशेषतः संबंधी वाक्यांत, अद्याप डोकावतो. 'जे भाषण त्याने पूर्वी केले होते' अशा आशयाच्या वाक्यात आब्लारा-सारखे रूप आले आणि ते संकेतार्थी समजले गेले, तर घडून गेलेली गोष्ट मराठीत 'घडली असती' होऊन बसते.